इंजिनाच्या उष्णतेवर अंघोळ

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटलच्या आसपास, प्युजेट साउंडच्या खाड्या आत आत शिरलेल्या आहेत. तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही हातपाय बधिर करतं. तरीही आठवडेच्या आठवडे बोटीवर मुक्काम ठोकणारी हौशी मंडळी त्या भागात पुष्कळ आहेत. त्यांची एक लाडकी बोट म्हणजे ३६ फुटी ग्रँड बँक्स. अमेरिकन मरीन कंपनीने ती आधी हाँगकाँगला आणि मग सिंगापूरला बांधली. १९७० च्या दशकातल्या बोटीत बहुधा १२० हॉर्सपॉवरचं लेहमन डिझेल इंजिन सापडतं आणि नीट निगा राखली तर ते अजूनही कुरकुर न करता चालतं. पाणी तापवायची टाकी मात्र इतकी चिवट नसते. कधीतरी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, गोडं पाणी साचू लागतं. टाकीचा पत्रा सडलेला असतो. मालक म्हणतो, गीझर तर बदलायचाय, त्यात काय एवढं!

गीझरच तो, पण त्याला दोन चुली आहेत. धक्क्याला बोट बांधली की तिथली वीज घेऊन एलिमेंट चालतं. बोट सुटली की वीज तुटते आणि तिथून काम इंजिनाचं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट ८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. ते एका होजने टाकीत येतं, आतल्या नळीच्या वेटोळ्यातून फिरतं आणि दुसऱ्या होजने परत जातं. आपल्याकडे चुलीच्या वैलावर पाण्याचा हंडा ठेवत, तसाच हा प्रकार. जाळ भाकरीसाठी, ऊन पाणी फुकटात. अकरा गॅलनची, म्हणजे ४२ लिटरची टाकी तासाभराच्या प्रवासात कडकडीत तापते. हेच काम १५०० वॅटचं एलिमेंट दीड-पावणेदोन तासांत करतं आणि १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतं. धक्क्याचं कनेक्शन बहुतेक ठिकाणी ३० अँपिअरचं, त्यामुळे त्याच वेळी शेगडी आणि रूम हीटर लावला की ब्रेकर पडलाच म्हणून समजा.

जुनी टाकी काढणं हा अंगमेहनतीचा भाग. या बोटींत इंजिनरूम बैठकीच्या फरशीखाली असते आणि वाट म्हणजे फरशीतली झाकणं. नवी टाकी मागवण्याआधी तिची मापं घ्यावीत, पण त्याहून आधी झाकणाच्या चौकटीची घ्यावीत. वेटोळ्याची तोंडं कोणत्या बाजूला आहेत तेही बघावं. एका कंपनीच्या टाकीत ती पुढे असतात, दुसरीच्या मागे. मागची तोंडं भिंतीला टेकली तर टाकी बसते, होज बसत नाहीत. काढताना इंजिन पूर्ण थंड हवं, धक्क्याची वीज तर बंद हवीच, शिवाय बॅटरीवरून वीज बनवणारा इन्व्हर्टरही बंद हवा. त्याचा विसर पडतो आणि बंद समजलेल्या तारेत करंट असतो. कूलंट बादलीत धरायचं. ते बिल्जमध्ये सोडलं तर पंप ते समुद्रात फेकणार, आणि ते विषारी असतं.

खरं काम पुढे आहे. माझं मत विचाराल तर नवी टाकी जुन्या होजना जोडणं ही खोटी काटकसर. टाकी गळते तेव्हा तिच्याभोवतीची नळजोडणीही तेवढीच म्हातारी झालेली असते. पितळी एल्बो आतून खाल्लेले, क्लिपा गंजलेल्या. घरातल्यासारखी सीपीव्हीसीची चिकटवलेली जोडणी इथे नको. इंजिनाची थरथर चोवीस तास नसली तरी असते तेव्हा सांध्यांची परीक्षा बघते. पाण्यासाठी लवचीक पेक्स पाइप आणि कूलंटसाठी हीटर होज, प्रत्येक टोकाला शक्यतो दोन क्लिपा. टाकी नुसती ठेवून भागत नाही, बोल्टांनी किंवा पट्ट्यांनी जखडावी लागते. भरलेल्या टाकीचं वजन पन्नास किलोंच्या पुढे जातं आणि बोट लाटेवर कलते तेव्हा ते कुठेही जाऊ शकतं.

कूलंटची गरम होज इंजिनाच्या थर्मोस्टॅटच्या अलीकडून घ्यायची आणि परतीची फिरत्या पंपाच्या ओढीच्या बाजूला द्यायची. दोन्ही एकाच बाजूला जोडल्या तर दाबात फरक पडत नाही आणि कूलंट जागच्या जागी उभं राहतं. दुसरं दुखणं हवेचं. टाकी इंजिनाच्या हेडर टँकपेक्षा, म्हणजे कूलंट भरायच्या टाकीपेक्षा, वर असेल, किंवा होज मध्येच उंचवट्यावरून नेली असेल, तर तिथे हवा अडकते. ओळखायला यंत्र लागत नाही. इंजिन गरम झालं की दोन्ही होजना हात लावायचा. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल, तर मधे हवा बसली आहे. वरची क्लिप थोडी सैल करून हवा काढून टाकावी, आणि टाकी खरंच उंचावर असेल तर तिच्याही वर कूलंटची एक वेगळी बाटली बसवावी.

आता गोड्या पाण्याची बाजू. थंड पाणी आत येतं तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर गरम पाणी मागे सरकून थंड पाण्याच्या नळालाही कोमट करतं. पण हा व्हॉल्व्ह बसला की टाकी कोंडली जाते. बारा अंशांचं ४२ लिटर पाणी ८० अंशांवर गेलं की सव्वा लिटरच्या आसपास फुगतं. ते जाणार कुठे? सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकत बिल्जमध्ये. मालकाला वाटतं नवी टाकीही गळकी निघाली, आणि काही महाभाग त्या व्हॉल्व्हला बूच मारतात. असं बूच मारणं म्हणजे बॉम्ब बनवणं. बोटीच्या टाक्यांवर सहसा ७५ पीएसआयचा व्हॉल्व्ह असतो. मुंबईच्या उंच इमारतीत लागणारा गीझर ८ बारचा, म्हणजे ११६ पीएसआयचा. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ठिबकण्यावरचा खरा उपाय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे एक छोटी एक्स्पान्शन टाकी. आतल्या रबरी पडद्यामागची हवा दबते आणि पाण्याला फुगायला जागा मिळते.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे मिक्सिंग व्हॉल्व्ह. एलिमेंटला थर्मोस्टॅट असतो, तो साठ अंशांना वीज तोडतो. इंजिनाला कोण सांगणार? ते टाकीला ८० अंशांपर्यंत नेतं, आणि ६० अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं. मिक्सिंग व्हॉल्व्ह बाहेर पडणाऱ्या गरमात आपणहून थंड मिसळतो आणि नळाला ४९ अंशांच्या आसपास पाणी देतो. यात बरकतही आहे. ४२ लिटर कडकडीत पाण्यापासून ४० अंशांचं अंघोळीचं पाणी सुमारे शंभर लिटर होतं. इंजिनाच्या या तापाची आणखी एक गंमत अशी, की टाकी फार तापली म्हणून एलिमेंटचा सुरक्षा-कटआउट उडतो. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पाणी तापत नाही, मालक नवं एलिमेंट मागवतो, आणि दोष फक्त झाकणाखालचं लाल बटण दाबण्याएवढा असतो.

विजेबाबत थट्टा नको. एलिमेंटला तडा गेला तर करंट पाण्यात उतरतो, तिथून बोटीच्या पाण्याखालच्या धातूंमध्ये आणि शेवटी धक्क्याभोवतीच्या पाण्यात. तळ्यात किंवा नदीत हे जास्त जीवघेणं. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं खारट शरीर करंटला सोपी वाट देतं, म्हणून तो पोहणाऱ्यातून जातो. अर्थिंगची तार पक्की हवी आणि धक्क्याच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा ब्रेकर हवा. पेट्रोलच्या बोटीत तर थर्मोस्टॅटची ठिणगी बाहेर न पडणारीच टाकी लागते. स्वस्त म्हणून घरगुती गीझर तिथे बसवणं गुन्हा मानावा.

वीज द्यायच्या आधी गोड्या पाण्याचा पंप चालू करून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवायचा. फुर्र फुर्र थांबून एकसंध धार आली की टाकी भरली. त्याआधी बटण दाबलं तर कोरडं एलिमेंट बघता बघता जळतं.

पहिल्या फेरीनंतर हेडर टँकची पातळी खाली गेलेली दिसेल. नव्या होजनी आणि वेटोळ्याने कूलंट पिऊन घेतलेलं असतं, भर घालायची. पण पुढेही ती बदलत राहिली तर वेटोळं आतून फुटलं असावं. पाण्याच्या पंपाचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून पंप चालू असताना गोडं पाणी कूलंटमध्ये घुसतं आणि हेडर टँक वाहू लागतो. पंप बंद ठेवून इंजिन चालवलं तर उलटं होतं आणि कूलंटमधलं एथिलिन ग्लायकॉल अंघोळीच्या पाण्यात येतं. ते चवीला गोड लागतं, पण विषारी असतं, म्हणून चाखून बघायच्या भानगडीत पडू नये. वेटोळं असलेल्या बोटीत कमी विषारी प्रॉपिलिन ग्लायकॉलचं कूलंट भरणारे मालक आहेत. मात्र ते भरण्याआधी इंजिनाला ते चालतं का हे बघून घ्यावं आणि जुनं कूलंट पूर्ण काढून टाकावं.