दत्तक गेलेला वस्ताद

दत्तक वारस म्हटलं की आपल्याला डलहौसी आणि १८४८चा सातारा आठवतो. जपानची तऱ्हा निराळी. तिथे कर्त्या वयाच्या पुरुषालाही दत्तक घेतात आणि पुष्कळदा तो जावईच असतो. मुलीचा हात, सासरचं आडनाव आणि घराण्याचा कारभार, सगळं एकदमच पदरात. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांचे वडील असेच कानो घराण्यात आले. युद्धकलेच्या घराण्यांना ही रीत मानवली. पोटचा पोर तलवारीत तरबेज निघेलच याचा नेम नाही, दत्तक मात्र पारखून घेता येतो.

पारखून घेतलेला टिकतोच असं नाही, ही गोष्ट वेगळी.

ऐकिदोचे प्रवर्तक मोरिहेइ उएशिबा यांनी १९३१ साली टोकियोत कोबुकान हा ८० तातामींचा (चटयांचा) आखाडा उघडला. शिफारशीवाचून प्रवेश नाही. तालीम अशी की लोक त्याला ‘नरकाचा दोजो’ म्हणत. वस्ताद डाव करून दाखवत, फोड करून सांगत नसत. ज्याला कळला त्याला कळला. राहत्या शिष्यांनी झाडलोट करायची, गुरूंचं सामान उचलायचं आणि हाक आली की आपटून घ्यायला उभं राहायचं.

उएशिबांचे दोन मुलगे १९२० साली दगावले होते. उरलेला किश्शोमारू १९३२ साली जेमतेम ११ वर्षांचा. त्याच वर्षी त्यांनी मुलीचं लग्न विशीतल्या कियोशी नाकाकुराशी लावलं. हाकुदो नाकायामा या वस्तादांच्या हाताखाली केंदोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, घडलेला हा गडी दत्तक जाऊन मोरिहिरो उएशिबा झाला. काही वर्षांतच नातं तुटलं, आडनावही सुटलं. माझ्या मते कडक शिस्त हे त्याचं कारण नसावं; केंदोत मार खाल्लेल्याला तिचं काय? पण उएशिबांची विद्या ओमोतो पंथाच्या अध्यात्मात मुरलेली होती, आणि ते काही तालमीत घोटून येत नाही.

बाहेर पडलेले नाकाकुरा मात्र तळपले. सलग ६९ लढती जिंकल्याची त्यांची ख्याती आहे. लोक त्यांना शोवा काळातले मुसाशी म्हणत. योगायोग असा की त्या जुन्या काळच्या नामांकित तलवारबहाद्दराचे, मियामोतो मुसाशीचेही वारस दत्तकच. मिकिनोसुकेने १६२६ साली धन्याच्या मृत्यूमागे सेप्पुकू केली, म्हणजे पोट चिरून जीव दिला. इओरी कोकुराच्या ओगासावारांचा कारभारी झाला, १६५४ साली त्याने बापाचा शिलालेख उभारला. मुसाशीची ‘गोरिन नो शो’ ही पोथी मात्र १६४५ साली तेराओ मागोनोजो या शिष्याच्या हाती गेली. नाव एकीकडे, विद्या दुसरीकडे.

उएशिबांची गादी अखेर पोटच्या मुलाकडेच आली. किश्शोमारूंनी १९४२ साली टोकियोचा दोजो सांभाळायला घेतला, वडिलांच्या निधनानंतर १९६९ साली ते दोशू, म्हणजे ऐकिदोचे प्रमुख, झाले. १९९९पासून ही गादी नातू मोरितेरू चालवत आहेत. नाकाकुरांबद्दल ऐकायचं असेल, तर केंदोवाल्यांनाच विचारावं.