घाम न येणारी माणसे

वैशाखातल्या दुपारी सदरा पाठीला चिकटला, की आपण सारेच कुरकुरतो. मीही कुरकुरत असे. पण ज्यांना घामच येत नाही अशा माणसांची हकीकत वाचनात आली आणि त्या चिकट सदऱ्याविषयी माझे मत बदलले.

ही माणसे सिंधमधली. पाळीव प्राणी आणि लागवडीतील वनस्पती यांत होणाऱ्या बदलांवर चार्ल्स डार्विनने जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या १८७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका सिंधी हिंदू कुटुंबाची नोंद आहे. वेडरबर्न नावाच्या गृहस्थाने ती त्याला कळवली होती. या घराण्यात चार पिढ्यांत दहा पुरुष असे निपजले, की त्यांच्या दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चारच बारीक, कमजोर दात आणि आठ दाढा होत्या. अंगावर केस विरळ, टक्कल लवकर पडे, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडीठाक होऊन जिवाचे हाल होत. मुलींत हे व्यंग दिसत नसे, पण त्यांच्या मुलग्यांत उतरे. बापाकडून मुलग्याकडे मात्र ते एकदाही गेले नव्हते.

दात, केस आणि घाम ही एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली तीन खाती. ती एकाच घरात, एकाच वेळी का बुडावीत? डार्विनच्या हाती तेव्हा जनुकाची कल्पना नव्हती. आज उत्तर देता येते, आणि ते शोधण्यासाठी आईच्या पोटात डोकवावे लागते.

भ्रूणाची त्वचा सुरुवातीला सपाट, पातळ असते. मग ठरावीक ठिकाणी तिच्या पेशी दाटीवाटीने जमतात आणि सूक्ष्म फुगवटा येतो. तो खालच्या मऊ ऊतकात शिरतो, कोंबासारखा वाढतो. कोंबाला वेटोळे पडून मध्ये पोकळी झाली की घामाची ग्रंथी तयार. त्याच्या फांद्या फुटल्या तर लाळेची किंवा दुधाची ग्रंथी. दात आणि केस यांचीही पहिली पायरी हाच फुगवटा. वाढून काय व्हायचे हे वेगळे असले तरी सुरुवात एकसारखी आहे.

आपण सहज म्हणतो, की जनुकांत शरीराचा नकाशा असतो. मी स्वतः व्याख्यानांत असे बोललो आहे. आता बोलणार नाही. ग्रंथीचा आराखडा कोणत्याही एका जनुकात काढून ठेवलेला नसतो. वरची त्वचा आणि खालचे ऊतक यांच्यात निरोपांची देवघेव चालते आणि तिच्यातून ग्रंथी घडते. क्लाउस क्राटोखविल या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हे फार सुंदर दाखवून दिले. उंदराच्या भ्रूणातील स्तनग्रंथीचा वरचा थर त्याने लाळग्रंथीखालच्या ऊतकावर ठेवून वाढवला. फांद्या फुटल्या त्या लाळग्रंथीच्या वळणाच्या! पुढे १९७६ मध्ये जपानी संशोधिका साकाकुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मिश्र ग्रंथी प्रौढ मादीच्या शरीरात वाढवल्या. आकार लाळग्रंथीचा, पण त्यांत तयार झाली ती दुधाची प्रथिने. आकार शेजाऱ्याने ठरवला, धंदा मात्र घरचाच राहिला.

जनुके या देवघेवीतले शब्द पुरवतात. कोणी निरोप बनवते, कोणी तो ऐकणारा कान बनवते, कोणी ऐकलेले पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवते. सिंधमधल्या कुटुंबाची लक्षणे ज्या विकाराशी जुळतात, त्यात यांपैकी एक निरोप हरवलेला असतो. त्याचे नाव ईडीए. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. हे प्रथिन पेशीबाहेर पडते, फुगवट्यातल्या पेशींवरच्या ग्राहकाला चिकटते, आणि तिथे नुकती सुरू झालेली हालचाल पक्की होते. निरोप आलाच नाही, तर फुगवटा धरत नाही किंवा विरून जातो. दात, केस आणि घामाची ग्रंथी या तिन्ही ठिकाणी हाच शब्द वापरला जातो, म्हणून तिन्ही खाती एकदम बुडतात.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाजवळ एक्स एकच आणि तो आईकडून आलेला. बाप मुलग्याला वाय देतो. डार्विनला पडलेले कोडे एवढ्याने सुटते. स्त्रीजवळ दोन एक्स असतात, पण तिच्या प्रत्येक पेशीत त्यांतला एकच जागा असतो. म्हणून सदोष जनुक वाहणाऱ्या स्त्रीच्या पाठीवर आयोडीन आणि स्टार्च लावून पाहिले, तर घाम येणारे आणि न येणारे पट्टे उमटतात. मुलींना काहीच होत नाही असे वाटे ते वरवर पाहून.

आपल्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. तळहात-तळपायांवरच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतात, उरलेल्या अंगावरच्या पाचव्या महिन्यानंतर. जन्मानंतर एकही नवी होत नाही. ज्या तान्ह्या मुलाला त्या नाहीत, त्याचे अंग संसर्ग नसतानाही तापाने फणफणते आणि कधी त्यातच ते दगावते. आईबाप औषधे बदलत राहतात. खरा उपाय गार पाणी आणि सावली हा असतो.

पण बिघाड आराखड्यात नसून हरवलेल्या निरोपात असेल, तर तो निरोप बाहेरून देता येईल का? उंदरांत हाच दोष असलेली टॅबी नावाची जात आहे. २००३ मध्ये गाभण टॅबी माद्यांना हे प्रथिन टोचले. वार ओलांडू शकेल अशी जोड त्याला दिलेली होती. पिल्ले जन्मली ती केस आणि घामाच्या ग्रंथी घेऊन, आणि त्या कायम टिकल्या.

माणसांत आधी नवजात मुलांना प्रथिन देऊन पाहिले. फारसा उपयोग झाला नाही. वेळ निघून गेली होती. मग जर्मनीत, पहिल्या मुलाला हा विकार असलेल्या एका आईला जुळे मुलगे होणार होते आणि दोघांतही दोष आढळला. होल्म श्नायडर यांच्या चमूने गर्भारपणाच्या २६व्या आणि ३१व्या आठवड्यांत गर्भजलात प्रथिन सोडले. गर्भ ते पाणी गिळतोच. दुसऱ्या एका आईच्या गर्भाला २६व्या आठवड्यात एकदाच दिले. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा मुले १४ ते २२ महिन्यांची होती आणि तिघांनाही इतर मुलांसारखा घाम येत होता. दात मात्र पूर्ण संख्येने मिळाले नाहीत. त्यांचे फुगवटे दुसऱ्या महिन्यापासूनच धरू लागतात.

तीन मुले म्हणजे पुरावा थोडाच. म्हणून पुढे मोठी चाचणी हाती घेतली गेली. या तिघांचे जनुक मात्र होते तसेच आहे. त्यांच्या मुलग्यांकडे हा दोष त्यांच्याकडून जाणार नाही. मुलींकडे जाईल, आणि त्या मुलींच्या एखाद्या मुलग्याच्या वेळी डॉक्टरांना पुन्हा आठवडे मोजावे लागतील.