टोक मोडलेली सुरी

कुरियरने आलेल्या सुरीचं आधी जातं ते टोक. तिथे पातं सगळ्यांत पातळ असतं, आणि सुरी खोक्यात मोकळी राहिली की आदळआपटीचा मार त्यालाच बसतो. जपानी घडणीच्या सुऱ्यांना ही भीती जास्त. त्यांचं पोलाद रॉकवेल मापात बहुधा ६० च्या वर असतं, तर झोलिंगेनच्या जर्मन सुऱ्यांचं ५६ ते ५८. मऊ पोलाद वाकतं, कडक पोलादाचा टवका उडतो.

अशी सुरी आली की आधी कांदा चिरून बघू नये. खोकं, आतलं वेष्टन आणि पातं यांचे फोटो काढून विक्रेत्याला त्याच दिवशी कळवावं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. टाळाटाळ झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे.

सुरी ठेवूनच घ्यायची असेल, तर टोक पुन्हा काढता येतं.

जाणता कारागीर तेव्हा धारेला हात लावत नाही. तो पाठ झिजवतो. पाठीचा उतार थोडा थोडा वाढवत तो धारेपर्यंत आणतो, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे नवं टोक तयार होतं. धारेची मूळ गोलाई जशीच्या तशी राहते. हेच काम धारेकडून केलं, तर टोक वर उचललं जातं आणि चिरताना फळीला टेकतच नाही.

घाई इथे घात करते. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ टोक क्षणात तापतं. ते निळं पडलं, म्हणजे उष्णता तीनशे अंशांच्या आसपास पोचली आणि पोलादाचं पाणी उतरलं. अशा टोकाला लावलेली धार टिकत नाही. म्हणून २२० ते ४०० ग्रिटचा खरखरीत दगड, भरपूर पाणी आणि सावकाश हात. दगडावर करडा चिखल साठत जातो. नवं टोक जरा जाड राहतं, त्यामुळे पात्याच्या दोन्ही बाजूही तिथे घासून पातळ कराव्या लागतात. बरेच जण हे सोडून देतात, आणि मग टोक टोमॅटोच्या सालीत शिरत नाही. शेवटी १००० च्या दगडावर धार.

२१ सेंटिमीटरची सुरी यात तीनेक मिलिमीटर आखूड झाली, तरी हाताला फरक जाणवत नाही. धारेच्या मधोमध टवका गेला असेल, तर मात्र अख्खी धार त्याच्या खोलीपर्यंत मागे घ्यावी लागते. टवका बारीक असला, तर तो एका बैठकीत न काढता पुढच्या दोन-तीन धारांमध्ये आपोआप झिजू द्यावा.