‘होतो’चे इंग्रजी

भूतकाळातील घटना इंग्रजीत सांगणे एक वेळ सोपे, कारण ‘गेलो’ला ‘वेंट’ आणि ‘पाहिले’ला ‘सॉ’ या जोड्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपल्या पिढ्यान् पिढ्या घोकीत आल्या आहेत. परंतु पूर्वी आपण कसे होतो, कोठे राहत होतो, आपल्यापाशी काय होते, हे बोलून दाखविण्याचा प्रसंग आला म्हणजे चांगले शिकलेले गृहस्थही अडखळतात. या अडखळण्याचे कारण शब्दसंग्रहाचे दारिद्र्य नव्हे. मराठीतील ‘होता’ हा एकटा कारकून अवस्था, मालकी, वहिवाट आणि आधीच घडून गेलेली क्रिया ही चारही खाती बिनतक्रार सांभाळतो. इंग्रजीत मात्र दर खात्यास निराळा अंमलदार नेमलेला आहे. काही रूढ गैरसमज यातूनच उद्भवले आहेत.

गैरसमज : ‘होतो’ला ‘वॉज’ म्हटले की काम भागते.
वस्तुस्थिती : ‘मी लहान होतो’, ‘मी दमलेला होतो’ अशा अवस्थेपुरते ते खरे आहे. पण ‘माझ्याकडे सायकल होती’, ‘मला ताप होता’ या वाक्यांत मराठी भाषा सायकलीला आणि तापाला कर्तेपण देऊन माणसाला बाजूस बसविते, तर इंग्रजी माणसालाच मालक ठरवून ‘आय हॅड अ बायसिकल’, ‘आय हॅड अ फीव्हर’ असे म्हणविते. ‘आय वॉज हॅविंग अ बायसिकल’ हे प्रमाण इंग्रजीच्या दफ्तरी नामंजूर होते. ‘वी वेअर हॅविंग टी’ मात्र मंजूर, कारण तेथे ‘हॅविंग’चा अर्थ मालकी नसून चहा पिण्याची चालू क्रिया हा आहे.

गैरसमज : ‘ओळखत होतो’, ‘मानत होतो’ यांतील ‘त’ म्हणजे इंग्रजी ‘इंग’.
वस्तुस्थिती : ओळखणे, मानणे, आवडणे, मालकी असणे या इंग्रजीच्या दृष्टीने क्रिया नव्हेत, स्थिती होत, म्हणून ‘आय वॉज नोइंग हिम’ न म्हणता ‘आय न्यू हिम’ एवढेच म्हणावे. ‘राहत होतो’चा निवाडा संदर्भाने करावा लागतो : मुक्काम तात्पुरता असेल तर ‘आय वॉज लिव्हिंग’, कायमचे बिऱ्हाड असेल तर ‘आय लिव्ह्ड’.

गैरसमज : ‘गेलो होतो’, ‘बसलो होतो’ या रूपांना ‘हॅड’ हवाच.
वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, कारण व्याकरणाच्या पुस्तकांत मराठी ‘गेलो होतो’ आणि इंग्रजी ‘हॅड’ ही दोन रूपे शेजारीशेजारी छापलेली असतात. ‘तो झोपला होता’ याचे इंग्रजी ‘ही वॉज अस्लीप’, ‘ती खिडकीपाशी बसली होती’ याचे ‘शी वॉज सिटिंग’, ‘मला भूक लागली होती’ याचे ‘आय वॉज हंग्री’. म्हणजे जेथे आपण क्रिया पुरी होऊन उरलेली स्थिती सांगतो, तेथे इंग्रज सरळ स्थितीच सांगतो. ‘काल बाजारात गेलो होतो’ याला तर साधे ‘आय वेंट’ पुरते. भूतकाळातल्या एका प्रसंगाच्या आधी दुसरा घडून गेला होता हे दाखवावयाचे असले म्हणजेच ‘हॅड’ला बोलवावे : आम्ही स्टेशनावर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’.

गैरसमज : ‘यूज्ड टु’ आणि ‘वुड’ एकच.
वस्तुस्थिती : ‘आजोबा पहाटे उठत’ आणि ‘आम्ही साताऱ्यास राहत असू’ ही दोन्ही वाक्ये आपल्या रीतिभूतकाळात सुखाने नांदतात. इंग्रजीत वारंवार घडणाऱ्या कृतीसाठी दोन्ही शब्द चालतात. स्थितीसाठी मात्र ‘वुड’ चालत नाही, तेथे ‘वी यूज्ड टु लिव्ह’ असेच म्हणावे लागते. उच्चार ‘यूस्टू’ असा करावा. त्यातील ‘ड’ लिहिण्यापुरता आहे. ‘आय ॲम यूज्ड टु’ हा प्रयोग तर अगदीच वेगळा. तो गतकालाचा नव्हे, आजच्या सवयीचा दाखला देतो.

गैरसमज : एकाच माणसाला ‘यू वेअर’ म्हणणे तर्कदुष्ट आहे.
वस्तुस्थिती : ‘यू’ हे मुळात अनेकवचन, एकट्यासाठी ‘दाउ’ होते. आपल्या ‘तुम्ही’प्रमाणे आदरार्थी वापरता वापरता ‘यू’ने ‘दाउ’ची जागा बळकाविली, पण क्रियापद अनेकवचनीच राहिले. अठराव्या शतकात सुशिक्षितांच्या तोंडीही ‘यू वॉज’ असे. रॉबर्ट लाउथने 1762 सालच्या आपल्या व्याकरणात ते अशुद्ध ठरविले. ‘होता, होती, होते’ असा लिंगभेद इंग्रजीत नाही, हा दिलासा मात्र आपण पदरात पाडून घ्यावा.

बोलताना ‘वॉज’वर जोर देण्याचेही कारण नाही; वाक्याच्या मध्ये तो ‘वझ्’ इतका हलका होतो आणि ‘येस, आय वॉज’ अशा उत्तराच्या शेवटीच पुरता उमटतो. हा शब्द आपल्याला अगदी परकाही नाही. आपले ‘होणे’ आणि इंग्रजी ‘बी’ ही संस्कृत ‘भू’ धातूच्या गोतातली. ‘वॉज’ मात्र ‘वस्’ म्हणजे राहणे, या धातूचा भाऊबंद, ज्यापासून आपली ‘वस्ती’ आली. तेव्हा ‘होतो’चे इंग्रजी काय, असे न विचारता आपण कोणत्या स्थितीत वस्तीला होतो, आपल्यापाशी काय होते, आपली वहिवाट कोणती होती, असे आधी स्वतःस विचारावे, खाते ठरले की त्याचा अंमलदार आपोआप सापडतो.