पाकिटावरचं लोह आणि रक्तातलं लोह

मागचं व्याख्यान संपल्यावर एका भगिनींनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यात लिहिलं होतं, ‘सर, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. सकाळी कॉलेजला जाताना दुधातले कॉर्नफ्लेक्स खाते, दुसरं काही खायला तिला वेळ नसतो. पाकिटावर लोह आहे असं छापलंय. मग तिला लोह पुरतंय असं समजू का? प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, माफ करा.’

माफी कशाला? मला तर हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच वाटतो. एखादी गोष्ट असणं वेगळं आणि ती आपल्याला मिळणं वेगळं. हा भेद मी वर्गात तीसेक वर्षं शिकवला. पण माझ्याच घरात तो मला उशिरा कळला. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. तरी जे समजून घ्यावं लागलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

‘योगक्षेम’ हा शब्द गीतेमुळे आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे. शंकराचार्यांनी त्याची फोड फार सोपी केली आहे. जे मिळालेलं नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि जे मिळालंय ते राखणं म्हणजे क्षेम. लोहाच्या बाबतीत आपलं शरीर क्षेमात अतिशय हुशार आहे आणि योगात फार सावध.

बघा, मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतलं लोह शरीर वाया घालवत नाही, नव्या पेशींसाठी परत वापरतं. रोज २० मिलिग्रॅमच्या वर लोह असं फिरत असतं. बाहेरून भर घालावी लागते ती पुरुषाला दिवसाला साधारण १ मिलिग्रॅमची.

मग अडतं कुठे? जादा झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. म्हणून ते दारावरच अडवतं. यकृतात हेपसिडिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं. साठा भरपूर असेल तर ते वाढतं आणि आतड्यातून लोह आत येणं कमी होतं. साठा कमी असेल तर ते घटतं आणि दार थोडं उघडतं. अंगात ताप, संसर्ग असला तरीही ते वाढतं, कारण जंतूंनाही लोह हवं असतं.

ही झाली शरीराची बाजू. आता अन्नाची बाजू बघू. मांस-मासळीतलं लोह तुलनेनं सहज शोषलं जातं. धान्य, कडधान्य, पालेभाज्या यांतलं लोह दुसऱ्या जातीचं. आपल्या नेहमीच्या शाकाहारी जेवणातून शंभर भाग लोह पोटात गेलं, तर ढोबळमानानं पाच ते दहा भागच रक्तापर्यंत पोचतात. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत स्त्रीसाठी रोजचं लोह २९ मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलिग्रॅम असं लिहिलंय. इतकं खाल्लं तर त्यातलं दीड-दोन मिलिग्रॅम आत जाईल, असा तो हिशोब आहे.

आता कॉर्नफ्लेक्सचं पाकीट हातात घ्या. पहिली गोष्ट, आकडा १०० ग्रॅमसाठी आहे की एका वाटीसाठी, ते बघा. वाटीत साधारण ३० ग्रॅमच बसतात. समजा, त्या वाटीत ५ मिलिग्रॅम लोह आहे. दहा टक्के धरले तरी हाती लागलं अर्धा मिलिग्रॅम. आणि दहा टक्के धरणंही उदारपणाचं आहे. अशा पदार्थांत पुष्कळदा लोखंडाची अगदी बारीक भुकटी घातलेली असते. ती स्वस्त पडते आणि चव, रंग बिघडवत नाही. पण औषधाच्या गोळीतल्या फेरस सल्फेटइतकी ती शोषली जात नाही.

‘लोखंडाची भुकटी’ म्हटल्यावर काही जण दचकले. माझा नातूही दचकला होता. मग आम्ही दोघांनी कॉर्नफ्लेक्सचा पार भुगा केला, भरपूर कोमट पाण्यात कालवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत जोरकस लोहचुंबक घालून बराच वेळ ढवळत बसलो. चुंबकापाशी काळी कणी जमली. तुम्हीही करून बघा. भुकटी अन्नात चालणारीच असते, भिण्याचं कारण नाही. पण पाकिटावरचा आकडा खरा असूनही मुलीच्या रक्ताबद्दल तो काही सांगत नाही, हे त्यावरून लक्षात येतं.

‘म्हणजे आपले पोहेच बरे,’ असं कोणीतरी मागून म्हणालं. थांबा जरा. पोह्यांची गोष्ट तर अजून गमतीची आहे. जुन्या पोषण-तक्त्यात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेलं असायचं. त्याच राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली नवे तक्ते काढले, त्यात तो आकडा साडेचारच्या आसपास आहे. धान्याला चिकटलेली माती, यंत्राचं झिजलेलं लोखंड हेही प्रयोगशाळेत लोह म्हणूनच मोजलं जातं, म्हणून जुन्या आकड्यांकडे जपून बघावं लागतं. बशीभर पोह्यांना ५० ग्रॅम कोरडे पोहे लागतात. म्हणजे सव्वादोन मिलिग्रॅम लोह, आणि त्यातलं आत जाणार एक-दोन दशांश मिलिग्रॅम.

नाचणीत लोह आहे हे खरं. पण तिच्यात ते बांधून ठेवणारी फायटेट आणि टॅनिनसारखी द्रव्यंही आहेत.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी पत्नी शाळेत शिक्षिका होती. चाळिशीनंतर ती जिना चढताना दमायला लागली. रोज सकाळी नाचणीचं सत्त्व घ्यायची, त्यामुळे खाण्यात काही कमी आहे असं आमच्या मनातच आलं नाही. मी तिला सांगायचो, ‘जरा फिरायला जात जा, मन प्रसन्न ठेव.’ तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, दुसरं काय सांगणार! एक दिवस ती वर्गात चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन निघालं साडेसात. बाईंचं ते १२ च्या खाली गेलं की पंडुरोग, म्हणजे अ‍ॅनिमिया, म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारले. ‘पाळीत रक्त किती जातं?’ आणि ‘चहा कधी घेता?’ रक्तस्राव कित्येक वर्षं खूप होत होता. ती बोलली नव्हती आणि मीही कधी विचारलं नव्हतं. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे नेहमीच्या पाळीतही महिन्याला १५-२० मिलिग्रॅम. तिचं तर कितीतरी जास्त. आणि चहा? तो ती सत्त्वाबरोबरच घ्यायची, कारण माझ्यासाठी चहा टाकलेला असायचा. खाण्याबरोबर चहा घेतला की त्या खाण्यातलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जातं. मग गर्भाशयाच्या गाठीवर उपचार झाले, काही महिने गोळ्या चालल्या, आणि ती सावरली. नुसता नाश्ता बदलून ते झालं नसतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के पंडुरोगी आढळल्या. सगळ्याच जणी लोहाच्या कमतरतेमुळे नव्हेत, पण ते एक मोठं कारण आहे. ‘बायकांना थकवा असतोच,’ असं आपण म्हणतो, तेव्हा हा आकडा आठवावा.

मग करायचं काय? चहा-कॉफी खाण्याच्या आधी किंवा नंतर तासाभराचं अंतर ठेवून घ्या. नाश्त्याबरोबर क जीवनसत्त्व हवं. ते लोहाचं रूप बदलून त्याला शोषायला सोपं करतं. पोह्यांवर लिंबू पिळता ना? ते गॅस बंद केल्यावरच पिळा, उष्णतेनं ते जीवनसत्त्व घटतं. पेरू किंवा आवळा असेल तर आणखी चांगलं, लिंबाच्या फोडीपेक्षा पेरूत ते कितीतरी जास्त असतं. नाचणी मोड आणून किंवा आंबवून घ्या, त्यानं फायटेट कमी होतं. मटकीची उसळ, आंबिली, इडली हे म्हणूनच शहाणपणाचे पदार्थ. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडी भर पडते, टोमॅटो-चिंचेसारखं आंबट असेल तर जास्त. मात्र आंबट पदार्थ त्यात साठवून ठेवू नका.

आता त्या भगिनींना उत्तर. ताई, कॉर्नफ्लेक्स बंद करू नका, पण त्यावर विसंबूही नका. सोबत पेरू किंवा संत्रं द्या. आणि तिच्या रक्ताची तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही. हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधी साठा रिकामा होतो, तो फेरिटिनवरून कळतो. पाळीबद्दल तिच्याशी मोकळेपणानं बोला. तपासणीआधी मनानं गोळ्या सुरू करू नका. थॅलेसेमियासारख्या आजारात लोह आधीच जास्त असू शकतं.

माझ्या वयाच्या पुरुषांनाही एक सांगतो. आपल्याला पाळी नसते. त्यामुळे आपलं लोह कमी निघालं तर नाश्त्याला दोष देत बसू नका. पोटात, आतड्यात कुठे रक्त झिरपतंय का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पत्नी अजूनही सकाळी नाचणीचं सत्त्व घेते, आता मोड आणलेल्या नाचणीचं. चहा तासाभरानं होतो, आणि तो मी करतो. इथं थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.