परसातील संकरित कोंबडी आणि उबवणीचे अर्थशास्त्र

ग्रामीण अर्थव्यवस्थेत परसातील कोंबडीचे स्थान लहान, पण मोलाचे आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५.१८ कोटी कुक्कुटपक्षी होते आणि त्यांपैकी ३१.७ कोटी परसातील होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक आणि आदिवासी कुटुंबांत हे पक्षी बहुधा स्त्रिया सांभाळतात. वहीपेन्सिलीचा खर्च, औषधपाणी, अचानक आलेला पाहुणा अशा प्रसंगी हाताशी येणारा पैसा या पक्ष्यांतूनच उभा राहतो. त्यामुळे कोणता पक्षी द्यावा याइतकाच त्याची पुढची पिढी कुठून येणार हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. जबलपूरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

जबलपूरचा प्रयोग

जबलपूर येथे १९४८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २००९ मध्ये स्थापन झालेले मध्य प्रदेशचे पशुवैद्यक विद्यापीठ आज नानाजी देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. अखिल भारतीय समन्वित कुक्कुट प्रजनन संशोधन प्रकल्पाच्या जबलपूर केंद्राने परसातील पालनासाठी ‘नर्मदानिधी’ हा पक्षी विकसित केला. त्यात एक चतुर्थांश वाटा कडकनाथचा आणि तीन चतुर्थांश वाटा ‘जबलपूर कलर’ या रंगीत पिसांच्या पक्ष्याचा आहे.

हा मेळ विचारपूर्वक साधलेला आहे. झाबुआचा कडकनाथ काटक असतो. त्याच्या काळ्या मांसाला चांगली मागणी असून २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र त्याची वाढ सावकाश होते आणि तो अंडी कमी देतो. जबलपूर कलरमुळे ही उणीव भरून निघते. शिवाय रंगीत पिसांचा पक्षी पाचोळ्यात व झुडपांत मिसळून जातो, त्यामुळे मोकळ्या परसात शिकारी प्राण्यांपासून त्याचा बचाव होतो. केंद्राच्या नोंदीनुसार नर्मदानिधीची तलंग साधारण १६१ व्या दिवशी अंड्यावर येते आणि वर्षाला सुमारे १८१ अंडी देते. स्थानिक कोंबडीचे उत्पादन याच तुलनेत ४९ अंडी एवढे आहे.

दुसऱ्या पिढीचा प्रश्न

उत्पादन जवळजवळ पावणेचार पट झाले, म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. अधिक अंडी देणाऱ्या पक्ष्यांची पिढ्यान्पिढ्या निवड करताना कोंबडीची खुडूक होण्याची प्रवृत्ती आपोआप कमी होत जाते. कारण खुडूक कोंबडी अंडी घालणे थांबवते आणि अंडी मोजून केलेल्या निवडीत ती मागे पडते. म्हणून सुधारित कोंबडी अंडी भरपूर देते, पण ती उबवण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

दुसरी अडचण आनुवंशिकतेची आहे. भिन्न वंशांच्या संकरातून जन्मलेल्या पक्ष्यांत जोम अधिक असतो. परंतु याच पक्ष्यांचा आपापसांत संयोग झाल्यास पुढील पिढीत गुण विखुरतात आणि जोमाचा काही भाग ओसरतो. एकाच घरट्यातील पिल्ले रंगाने, वजनाने व अंड्यांच्या संख्येने वेगवेगळी निघतात. घरात एक कोंबडा व नऊ कोंबड्या असा कळप असेल तर प्रजननशास्त्रातील सूत्रानुसार त्याची परिणामकारक संख्या केवळ ३.६ भरते. बाहेरून नवा पक्षी आलाच नाही, तर दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. त्याचा परिणाम उबवण कमी होणे, पिल्ले दगावणे आणि वाढ खुंटणे अशा रूपाने काही पिढ्यांतच दिसू लागतो.

अशा स्थितीत एकदा पिल्ले वाटून योजना संपवली, तर दोन-तीन वर्षांनी त्या गावात सुधारित कोंबडी उरत नाही, आणि तिच्या भरवशावर देशी कोंबडी विकून टाकलेली असल्यास तीही उरत नाही. पूर्वी घरातच होणारी पुढच्या पिढीची सोय आता दूरच्या उबवणी केंद्रावर अवलंबून राहते.

देशी कोंबडीचे तुलनात्मक श्रेष्ठत्व

अर्थशास्त्राचे एक जुने तत्त्व येथे मार्ग दाखवते. ज्याला जे काम कमी त्याग करून करता येते, त्याने ते करावे. अंडी उबवण्यास २१ दिवस लागतात आणि पिल्ले हिंडवण्यात सुमारे आठ आठवडे जातात. म्हणजे एका उबवणीत कोंबडीचे अकरा आठवडे खर्ची पडतात. वर्षाला १८१ अंडी देणारी कोंबडी या काळात बसून राहिली, तर सुमारे ३८ अंड्यांचे नुकसान होते. देशी कोंबडीच्या बाबतीत ठोकळ हिशेबाने हा तोटा दहा-बारा अंड्यांचा आहे आणि तो थोडा अधिक धरला तरी पंधराच्या पुढे जात नाही. तेव्हा अंडी घालण्याचे काम सुधारित कोंबडीकडे आणि उबवणीचे काम देशी कोंबडीकडे सोपवणे किफायतशीर ठरते. दहा-बारा सुधारित कोंबड्यांमागे दोन-तीन देशी कोंबड्या राखल्या की उबवणी यंत्र व वीज नसलेल्या घरातही पिल्ले निघू शकतात.

अशी अंडी शक्यतो पैदास केंद्रातून आणलेली फलित अंडी असावीत. ती मिळत नसतील तर निदान कोंबडा दरवर्षी बदलावा आणि घरच्याच पिलावळीतील कोंबडा पैदाशीसाठी ठेवू नये. सुधारित कोंबडा व देशी कोंबडी यांच्या संयोगातून होणारी पिल्ले उत्पादनात मध्यम असतात, परंतु त्यांच्यात खुडूक होण्याचा गुण काही अंशी टिकतो.

उबवणीतील काळजी

उबवणीसाठी मध्यम आकाराची, स्वच्छ व न तडकलेली अंडी निवडावीत आणि ती सात दिवसांपेक्षा अधिक साठवू नयेत. जबलपूर परिसरात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. अशा उन्हाळ्यात साठवणीतच अंड्यातील गर्भाची अर्धवट वाढ सुरू होऊन तो मरतो. म्हणून हिवाळ्यात अंडी बसवणे हितावह असते. उन्हाळ्यात बसवावीच लागल्यास ती ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात साठवावीत. एका देशी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेशी होतात. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून अंडी तपासावीत आणि वांझ अंडी काढून टाकावीत. उबवणी यंत्र असल्यास तापमान ३७.५ अंश सेल्सियस ठेवावे, अंडी दिवसातून अनेकदा फिरवावीत व शेवटच्या तीन दिवसांत ओलावा वाढवावा. बदक व टर्की यांच्या अंड्यांना २८ दिवस लागतात. त्यामुळे ती कोंबडीच्या अंड्यांबरोबर एकाच दिवशी बसवू नयेत. पिल्ले निघाल्यावर मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून द्यावी लागते. ही लस चुकली तर वर्षभराची मिळकत एका साथीत जाते.

धोरणाची दिशा

२०२१ मध्ये सुधारित झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी पैदास कळप, उबवणी केंद्र आणि पिल्लांचे संगोपन केंद्र यांची एकत्रित उभारणी करणाऱ्या उद्योजकांना ५० टक्के भांडवली अनुदानाची तरतूद झाली. या अनुदानाची कमाल मर्यादा २५ लाख रुपये ठरली. अशी केंद्रे गावांच्या आवाक्यात असली, तरच पिल्ले व फलित अंडी नियमितपणे मिळू शकतील. महिला बचत गटांनी कोंबडा-बदल, लसीकरण आणि अंड्यांची देवघेव यांची व्यवस्था सामूहिकपणे केल्यास खर्चही विभागला जाईल.

किती पिल्ले वाटली यावरून योजनेचे यश मोजणे सोपे असते. परंतु वाटप झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्या घरात किती पक्षी आहेत, आणि पुढील पिल्लांसाठी त्या घरातील स्त्रीला कोणाकडे हात पसरावा लागतो की नाही, हा खरा निकष होय. सुधारित पक्ष्याने उत्पादन वाढवावे आणि देशी कोंबडीने पिढी राखावी, अशी दोघींची सांगड घातली तर वाढलेले उत्पन्न त्या घरात टिकून राहील.