पुढची तारीख आणि रक्तातला पुरावा

कुत्र्याच्या लसीकरणाच्या कार्डावर कुपीवरून सोललेलं लेबल चिकटवलेलं असतं, शेजारी डॉक्टरांची सही आणि शेवटच्या रकान्यात 'पुढची तारीख'. लस दिली एवढं त्या लेबलावरून कळतं. ती लागू पडली का, हे कार्ड सांगू शकत नाही. पुढची तारीखही ठरते ती असंख्य कुत्र्यांच्या अनुभवावरून बांधलेल्या अंदाजाने. आपल्याच कुत्र्याच्या रक्तात आज संरक्षण आहे का, हे बघायचं तर टायटर चाचणी करावी लागते. 'दरवर्षी सुया टोचण्यापेक्षा टायटर करून घेऊ' असं म्हणणारे लोक आता शहरातल्या दवाखान्यांत भेटतात. त्यांचं अर्धं बरोबर आहे. कोणतं अर्धं, हे कळायला पिल्लापासून सुरुवात केलेली बरी.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, जवळपास नसतातच. ती मिळतात आईच्या चिकातून, आणि तीही मुख्यतः पहिल्या २४ तासांत. त्यानंतर आतड्यातून रक्तात जाण्याची वाट बंद होते. पहिल्याच दिवशी भावंडांच्या रेटारेटीत जे पिल्लू मागे पडलं, त्याच्या वाट्याला कमी येतात. ही उसनी प्रतिपिंडं साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. समजा, एका पिल्लाची सुरुवात १६० ने झाली आणि दुसऱ्याची २५६० ने. पहिलं ४० व्या दिवशी १० वर येतं. दुसरं त्या दिवशी अजून १६० वरच असतं, त्याला १० वर यायला ८० दिवस लागतात. दोघांच्या कार्डावर तारखा सारख्याच, शरीरं मात्र ४० दिवस मागेपुढे.

याने एवढं काय बिघडतं? पार्वो, डिस्टेंपर आणि संसर्गजन्य हिपॅटायटिस या तीन रोगांच्या लसींत सहसा जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो पिल्लाच्या शरीरात थोडा वाढला, तरच शरीर त्याची ओळख ठेवतं. आईची प्रतिपिंडं भरपूर असताना लस दिली, तर ती लसीतल्या विषाणूलाच निकामी करतात. उकळत्या दुधात विरजण घालावं तशी गत: विरजण लावलं हे खरं, पण दही काही लागत नाही. त्यात प्रतिपिंडं उतरताना मध्ये दोन-तीन आठवड्यांचा एक पट्टा येतो. तेव्हा ती खऱ्या पार्वोला अडवायला कमी पडतात, पण लसीला अडवायला पुरेशी असतात. वेळेवर लस घेतलेलं पिल्लू रक्ताचे जुलाब करत दवाखान्यात येतं आणि घरचे म्हणतात, 'लसच बोगस निघाली.' त्यामागे पुष्कळदा हा पट्टा असतो. (कधीकधी लस खरोखरच वाया गेलेली असते. कुपी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते, आणि वीज काही औषधाच्या दुकानातल्या फ्रिजला विचारून जात नाही.)

कोणतं पिल्लू कधी या पट्ट्यातून बाहेर पडेल, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून वेळापत्रक सगळ्यांसाठी एकच जाळं टाकतं: ६ ते ८ आठवड्यांना सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी एक डोस, पिल्लू निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत. तीन डोस म्हणजे तिप्पट ताकद, असा सर्रास समज आहे. तो खरा नाही. प्रत्येक डोस हा नव्याने केलेला प्रयत्न असतो, त्यातला एक लागू पडला की काम झालं. सगळ्यांत मोलाचा डोस त्यामुळे शेवटचा. डब्ल्यूएसएव्हीए या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची मार्गदर्शिका तर म्हणते की कुत्र्याला एकदाच लस देणं शक्य असेल, तर ती १६ आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर द्यावी. आपल्याकडे उलटं होतं. पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकणारा 'एक इंजेक्शन झालंय' म्हणून सांगतो, दुसरं घरचे उत्साहाने करतात आणि तिसऱ्याच्या वेळेला नेमकी गावाला जायची गडबड असते.

इतकं करूनही काही पिल्लं सुटतात. पूर्वी त्यांना पुढची संधी बहुधा वर्षाचं झाल्यावर मिळायची. २०२४ च्या मार्गदर्शिकेने तो डोस अलीकडे, २६ आठवड्यांच्या सुमाराला आणला आहे. तोवर थांबायचं नसेल तर दुसरा मार्ग चाचणीचा. शेवटच्या डोसनंतर निदान चार आठवडे जाऊ द्यायचे, म्हणजे पिल्लू २० आठवड्यांचं होतं आणि आईकडून आलेलं संपलेलं असतं. रक्तात जे दिसेल ते त्याचं स्वतःचं.

दवाखान्यात होणारी एक चाचणी बघण्यासारखी आहे. थेंबभर रक्त एका द्रावणात मिसळतात. दातेरी प्लास्टिकची एक पट्टी असते, तिला कंगवाच म्हणतात. तो कंगवा छोट्या खळग्यांच्या ओळींतून ठरलेल्या वेळाने पुढे पुढे नेत जायचा. वीस-पंचवीस मिनिटांत प्रत्येक दात्यावर करडे ठिपके उमटतात: एक तुलनेसाठीचा, बाकीचे तीन रोगांचे. पार्वोचा ठिपका तुलनेच्या ठिपक्याइतका किंवा त्याहून गडद उमटला, की प्रतिपिंडं आहेत. प्रयोगशाळेत हेच काम रक्तद्रव दुपटीदुपटीने पातळ करत नेऊन करतात. ज्या पातळीपर्यंत परिणाम टिकतो तो आकडा म्हणजे टायटर. पार्वोसाठी १:८० च्या आसपास रेषा धरतात. इथे लोक हमखास घसरतात. एकाच्या कुत्र्याचं १:६४० येतं, शेजाऱ्याच्याचं १:८०, आणि शेजारी काळजीत पडतो. तशी गरज नाही. 'आहे' एवढंच उत्तर पुरेसं आहे.

'नाही' या उत्तराचा अर्थ लावणं जास्त अवघड. प्रतिपिंडं ओसरली असतील, पण विषाणूची आठवण ठेवणाऱ्या पेशी जागेवर असतील, आणि विषाणू आला की त्या कामाला लागतील. किंवा संरक्षण मुळात तयारच झालं नसेल. या दोन शक्यता चाचणीला वेगळ्या करता येत नाहीत, त्यामुळे सरळ लस द्यायची आणि चार आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तरीही 'नाही' आलं, तर ते कुत्रं त्या लसीला जन्मतःच दाद न देणारं असू शकतं. अशी कुत्री थोडी: पार्वोच्या बाबतीत अंदाजे हजारात एक, डिस्टेंपरमध्ये पाच हजारांत एक. त्यांना चौथी-पाचवी लस देऊनही काही साधत नाही, ती दुसऱ्या कुत्र्यांच्या घोळक्यापासून जपावी लागतात. हे कळायला चाचणीशिवाय दुसरा उपाय नाही.

मोठ्या कुत्र्याचं गणित सोपं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रोनाल्ड शुल्त्झ यांनी पार्वो आणि डिस्टेंपरचं संरक्षण सात वर्षं आणि त्याहून जास्त टिकत असल्याचं दाखवलं. त्यामुळे हिपॅटायटिस धरून या तिन्ही रोगांची लस तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा देऊ नये, असं आता मानतात. तीन वर्षांनी लस देण्याऐवजी चाचणी केली आणि 'आहे' आलं, तर लस टाळायला हरकत नाही. आधीच्या लसीने ज्याचं तोंड सुजलं होतं किंवा अंगावर गांध्या आल्या होत्या, किंवा ज्याचा इतिहासच माहीत नाही असं दत्तक घेतलेलं मोठं कुत्रं, त्यांच्यासाठी चाचणी खरंच उपयोगाची. बाकीच्यांनी पैशाचाही विचार करावा. चाचणी लसीपेक्षा बहुधा महागच पडते.

आता उरलेलं अर्धं. लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला, टायटरचा काही उपयोग नाही. ती लस मेलेल्या जिवाणूंची असते, तिचं संरक्षण जेमतेम वर्षभर टिकतं, आणि प्रतिपिंडांच्या आकड्यावरून कुत्रं सुरक्षित आहे का हे ठरवता येत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची कशी साथ आली, ते मुंबईकरांना आठवत असेल. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेल्या या जिवाणूची लागण कुत्र्याला होते आणि कुत्र्याच्या लघवीतून घरच्यांनाही होऊ शकते. त्याची लस दरवर्षीच हवी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी.

आपल्याकडची अडचण 'नाइन इन वन'ची. एका टोचण्यात सगळं येतं, म्हणून लेप्टोच्या निमित्ताने पार्वो-डिस्टेंपरही दरवर्षी दिली जाते. पण बऱ्याच कंपन्यांच्या जोडीत पार्वो-डिस्टेंपर सुक्या वडीच्या रूपात एका कुपीत असतात आणि लेप्टो दुसऱ्या कुपीतल्या पातळ द्रावात. तशी जोडी असेल तर मधल्या दोन वर्षी नुसता द्राव देता येतो. डॉक्टरांना एवढं एकच विचारलं, तरी टायटरच्या खर्चाशिवाय निम्मी सुटका होते.

रेबीजचं टायटर असतं, त्याची रेषा ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर. ते चांगलं आलं म्हणून लस चुकवता मात्र येत नाही. महापालिकेच्या परवान्याला लसीचा दाखला लागतो. कुत्रं कुणाला चावलं तर पहिला प्रश्न लसीचाच येतो. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत चाचणीचा विचारही फोल आहे. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन फिरतात, कुत्रं धरलं की तिथेच टोचतात, रंगाची खूण करतात आणि सोडून देतात. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तो या पद्धतीने.

रेबीजचं टायटर सक्तीने लागतं ते परदेशी जाताना. मुलाकडे जर्मनीला कुत्रं घेऊन जायचं असेल, तर आधी मायक्रोचिप, मग लस, लसीनंतर निदान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्त, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. हा अहवाल पुढे पुन्हा लागत नाही, पण एका अटीवर: रेबीजचा प्रत्येक पुढचा डोस आधीच्याची मुदत संपायच्या आत झालेला हवा. एक तारीख हुकली, की रक्त, प्रयोगशाळा आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून.